धण्याचा आवाज ऐकू येईपर्यंत

५ जानेवारी, सोमवार

ऑर्डर मिळाली. मिळाली, मिळाली, मिळाली! इंदिरानगरातल्या एकाच मालकाच्या तीन दुकानांत फेब्रुवारीपासून आमची थालीपिठाची भाजणी आणि काळा मसाला ठेवणार. आमची म्हणजे 'भाजणीघर'ची. आणि भाजणीघर म्हणजे के. आर. पुरम स्टेशनामागच्या दोन खोल्या, तीन कढया, एक छोटी गिरणी, सात बायका आणि मी. संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं तर भागुबाईंनी चाळणी डोक्यावर धरून गिरकी घेतली. सगळं पीठ केसांत.

अट एकच आहे. कामगारांचे कागद नीट हवेत. त्यांच्या आसावरी मॅडम ३० तारखेला येणार आणि प्रत्येकीचं सही केलेलं नियुक्तीपत्र बघणार. नव्या कायद्याने ते आता सगळ्यांनाच द्यावं लागतं. ते नसलं तर ऑर्डर नाही.

मला हसूच आलं. बारा वर्षं मी व्हाइटफील्डच्या एका आयटी कंपनीत एचआरमध्ये काढली. नियुक्तीपत्रं मी झोपेतसुद्धा लिहीन.

येत्या ४ फेब्रुवारीला मी ती नोकरी सोडली त्याला वर्ष होईल. सोडली. आईचा आज नागपूरहून फोन आला तेव्हाही हेच सांगितलं. इतकी चांगली नोकरी का सोडलीस, हा तिचा प्रश्न काही संपत नाही.

७ जानेवारी, बुधवार

पत्र तयार. अकरा पानं! जुन्या कंपनीचा मसुदा माझ्याकडे होताच. नावं बदलली, 'सॉफ्टवेअर' होतं तिथे सगळीकडे 'मसाला' घातलं आणि मराठी करून घेतलं. अभिजीतने जेवताना वाचलं आणि त्याला ठसका लागला. म्हणाला, "पान सातवर लिहिलंयस की मसाल्याचा पासवर्ड कुणालाही सांगू नये." ते वाक्य काढलं. बाकी उत्तम आहे. निवृत्तीचं वय, परीक्षेचा काळ, गोपनीयता, सगळं आहे. माझ्या बायकांना असलं पत्र याआधी कुणी दिलं नसेल.

नवरा अजून हसतोय. जळतो मेला.

९ जानेवारी, शुक्रवार

पत्रं वाटली. मी पेढे आणले होते, प्रत्येकीचं नाव लिहिलेले छान पिवळे लखोटे होते. टाळ्या वाजतील असं वाटलं होतं. कुणी लखोटा उघडेचना. भागुबाईंनी तर लखोटा हातात घेतला आणि रडायलाच लागल्या.

महानंदाने मला बाजूला घेतलं. ती अथणीची, मराठी आणि कानडी दोन्ही वाचते, आमची मुकादम म्हणा ना. "अक्का," ती म्हणाली, "आम्ही चौघी आधी कपड्याच्या फॅक्टरीत होतो. तिथं आठ वर्षांत एकदाच लखोटा मिळाला. दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप."

मी पोट धरून हसले आणि सगळ्यांना समजावलं की अहो, हा काढण्याचा नाही, ठेवण्याचा कागद आहे. पेढे संपले. पण मला एक कळत नाही. लखोटा बघून माणसाला काय वाटतं, ही गोष्ट मला कुणी सांगायला नको होती. मग मी पिवळे लखोटे आणलेच कसे?

महानंदा सगळ्यांना वाचून दाखवणार आहे.

१२ जानेवारी, सोमवार

वाचन झालं. चार वाजता गिरणी बंद करून सगळ्याजणी पोत्यांवर बसल्या आणि महानंदाने पहिल्या पानापासून सुरुवात केली. पुराण लावल्यासारखं. मध्ये मध्ये कानडीत अर्थ.

पहिलं भांडण सुट्टीवरून. मी शनिवार-रविवार दिला होता, दोन दिवस, मला वाटलं खूश होतील. भागुबाई म्हणाल्या, "रविवारी सगळे घरात असत्यात. चार येळा चहा, दोन येळा सैपाक. ती काय सुट्टी व्हय?" त्यांना मंगळवार हवा. मंगळवारी इथे बाजार असतो आणि घरात कुणी नसतं. 

मग 'नोकरी सोडल्यावर दोन वर्षे प्रतिस्पर्ध्याकडे काम करता येणार नाही.' प्रतिस्पर्धी कोण, यावर अर्धा तास गेला. शेवटी नणंद, असं ठरलं.

अंबूबाई शेवटच्या पोत्यावर बसल्या होत्या. त्या आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या, निपाणीकडच्या, बासष्ट वर्षांच्या. भाजण्याचं काम पूर्ण त्यांचं. कढईशी कान नेतात आणि सांगतात, उतरव. धणे, बाजरी, उडीद, प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो म्हणे. मला तर सगळंच खरखर वाटतं. त्यांनी फक्त विचारलं, "अठ्ठावन्न म्हंजे काय?" मी म्हटलं, निवृत्तीचं वय. आणि वर गंमत केली की तुम्ही तर कामावर यायच्या आधी चार वर्षं निवृत्त झालात! सगळ्या हसल्या, त्याही हसल्या. मग महानंदाला म्हणाल्या, "ते नववं पान परत वाच." तिने वाचलं. त्या उठल्या, कढई घासली, भिंतीशी उपडी घातली आणि लखोटा पिशवीत टाकून गेल्या.

ती निवृत्तीची गंमत मी करायला नको होती. वयाचं बोललेलं लागतं माणसाला.

१३ जानेवारी, मंगळवार

अंबूबाई आल्या नाहीत. फोन बंद. उद्या संक्रांत आहे, गेल्या असतील कुणाकडे. गुडघेही दुखतात त्यांचे.

१४ जानेवारी, बुधवार

आज मी स्वतः भाजलं! कढईत उष्णतामापक, हातात घड्याळ, वहीत तक्ता. काय अवघड आहे त्यात? प्रत्येक धान्य मोजून मापून, सेकंदाला सेकंद.

दळलं, थालीपीठ लावलं, सगळ्यांना दिलं. भागुबाईंची जीभ टाळूला चिकटली. खरंच चिकटली, पाणी प्यायला लागलं. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या, पण ते शब्द निम्मेच बाहेर आले. महानंदाने तुकडा खाल्ला आणि खाली बघून म्हणाली, "धणे हसले नाहीत, अक्का. तडतडायच्या आधीच उतरवले तुम्ही."

अठरा किलो वाया. शेजारच्या गोठ्यातली म्हैस तेवढी संक्रांतीला खूश.

१६ जानेवारी, शुक्रवार

दुसरी खेप जळाली. त्यावर न लिहिलेलंच बरं. अंबूबाईंचा अजून पत्ता नाही. पंचवीस तारखेपर्यंत नमुना पोचवायचा आहे.

आज दयानंद आले. हे कामगार कायद्याचे सल्लागार, बेळगावचे. पन्नाशीचे असतील, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत असतात. माझी अकरा पानं त्यांनी लाल पेनाने अशी रंगवली की मला शाळेतला निबंध आठवला. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नये ही अट कोर्टात टिकत नाही, खोडा. निवृत्तीचं वय घालायलाच हवं असं काही नाही, खोडा. आठवड्याची सुट्टी कायद्याने हवीच, पण वार रविवारच असला पाहिजे असं कुठे आहे? खोडा. मला वाटत होतं की जितकी कलमं जास्त तितका चांगला मालक.

मग नववं पान आलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं. "कर्मचाऱ्याने वापरलेल्या, सांगितलेल्या वा तयार केलेल्या सर्व पाककृती व पद्धती या संस्थेच्या कायमच्या मालकीच्या राहतील व कर्मचाऱ्याने त्या अन्य कोणासही सांगू वा शिकवू नयेत." चष्मा डोळ्यांवर घेतला. "मॅडम, ही भाजणी कुणाची?"

"आमची."

"आमची म्हणजे?"

"भाजणीघरची."

"सरी, ठीक आहे. आणि भाजणीघराला कुणी शिकवली?"

माणूस प्रश्न फार विचारतो. मी सांगितलं, हे वाक्य सगळ्या कंपन्यांत असतं, कुणी वाचत नाही. ते म्हणाले, "इथं वाचलंय, मॅडम. म्हणून तर तुमची कढई उपडी आहे." आणि चहा न घेता गेले. कसला आगाऊपणा.

१७ जानेवारी, शनिवार

झोप नाही. लिहूनच टाकते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी दिवस दिवस पडून असायचे. शेजारच्या घरी अंबूबाई स्वयंपाकाला यायच्या. त्यांनी एकदा दार वाजवलं आणि झाकलेली ताटली पुढे केली. थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. "खा, मंग निज," म्हणाल्या. सहा आठवड्यांत पहिल्यांदा मला कशाची तरी चव लागली. मी त्यांच्या मागे लागून भाजणी शिकायला बघितली, जमली नाही. मग म्हटलं, आपण मिळून विकू या. असं आहे ते. माझं काय आहे त्यात? नाव आणि पिवळे लखोटे.

आणि हे नववं पान मला पाठ आहे. कारण ते माझ्याही पत्रात होतं. मी नोकरी सोडली नाही. मला काढलं. जी खोली मी इतरांना काढायचं असलं की बुक करायचे, त्याच खोलीत मला बसवलं, टेबलावर टिश्यूचा डबा मीच मागवलेला. नोकरीचं फार वाईट वाटलं नव्हतं. पण नव्या लोकांना शिकवायचं पुस्तक मी सहा वर्षं रात्रंदिवस खपून लिहिलं होतं, त्याची एक प्रत मागितली, तर समोरच्या मुलीने नववं पान दाखवलं. ते आमचं आहे, म्हणाली. तिथे मी रडले.

तेच पान मी कॉपी केलं. 'सॉफ्टवेअर' खोडलं आणि 'मसाला' घातलं. मला माझी इतकी लाज वाटते आहे की अभिजीतलाही उठवलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार

महानंदाने घर दाखवलं. रुळांपलीकडची गल्ली, निळं दार. अंबूबाई ओट्यावर शेंगदाणे निवडत बसल्या होत्या, ठणठणीत. मला बघून म्हणाल्या, "आलीस व्हय? चपला उनात काढू नकोस, तापतील."

मी दोन दिवस भाषण तयार केलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना. मी नुसतं म्हटलं, "अंबूबाई, चुकलं माझं. ते पान मी फाडलं."

त्या दाणे निवडतच राहिल्या. "माझ्या सासूनं शिकिवलं मला. तिच्या सासूनं तिला. कुनी कागूद केला न्हाई. तुला सांगितलं, तवा मी तरी कुटं केला? ईक म्हनलं, खुशाल ईक. पर माझ्या नातीला शिकवायचं न्हाई, असं लिवलंस तू. आट वर्साची हाय ती. तिला शिकिवलं तर पोलीस येतील काय मला न्यायला?"

मी ढसाढसा रडले. भर रस्त्यावर, समोर भाजीवाला. आणि रडता रडता सगळं सांगून टाकलं, की मला काढलं होतं, माझंही असंच काढून घेतलं होतं, आईला अजून खोटं सांगते.

"ठावं हाय की."

"कसं ठावं?"

"पैल्या दिशी तू मला इचारलंस, मला जमेल का म्हनून. आपन हून सोडून आलेली बाई असं इचारत न्हाई. तिला वाटतं, सगळं जमतंय." मग माझ्या हातात मूठभर दाणे दिले. "रडनं झालं का? मंग हे निवड. खवट बाजूला."

निवडून झाल्यावर त्यांनी हुकूम सोडला. बुधवारी येईन. पण पत्र मी सांगणार, तू लिहायचं. मी म्हटलं, चालेल. त्या म्हणाल्या, "चालेल म्हनू नको. स्वल्प इचार करून सांग." मी विचार केला आणि पुन्हा म्हटलं, चालेल.

घरी येताना मेट्रोत मी एकटीच हसत होते. समोरच्या बाईने जागा बदलली.

२१ जानेवारी, बुधवार

काय दिवस होता! अंबूबाईंनी आधी कढई सुलटी केली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि मगच पोत्यावर बसल्या. बाकी सहाजणी भोवती. मी आणि पुन्हा बोलावलेले दयानंद समोर, लिहिणारे.

सुट्टी मंगळवारी. अमावास्येला कढई चढणार नाही, पण दळण आणि पाकिटं भरणं होईल. यावर भागुबाई थोड्या नाराज, पण सरी म्हणाल्या. काम सोडायचं असलं तर तिने एक महिना आधी सांगायचं, आणि काढायचं असलं तर मीही एक महिना आधी, कारण सांगून, सगळ्यांसमोर. लखोट्यात घालून नाही. दयानंद म्हणाले, "लेखी सूचना द्यावी लागेल, अक्का." अंबूबाई म्हणाल्या, "दे की. आदी तोंडानं सांग, मंग लेखी दे." त्यांनी लिहून घेतलं. त्यांनी प्रत्येक वाक्य कायद्याच्या भाषेत फिरवायचं आणि महानंदाने ते परत माणसांच्या भाषेत आणायचं, असं चाललं होतं. 'उपरोक्त' या शब्दाला तिने तीनदा हाकललं.

भाजणी अंबूबाईंची. भाजणीघराने ती त्यांच्या परवानगीने वापरायची, पाकिटावर त्यांचं नाव छापायचं आणि त्यांनी ती हव्या त्या माणसाला शिकवायची. मी लिहिताना वर बघितलं नाही, डोळे भरले होते.

शेवटी दयानंद म्हणाले, "आता निवृत्तीचं वय. नाही घातलं तरी चालेल."

"घाल की," अंबूबाई म्हणाल्या. "धन्याचा आवाज ऐकू येईपत्तोर."

दयानंदांनी चष्मा कपाळावर सरकवला. पेन थांबलं. मग त्यांनी जसंच्या तसं लिहिलं, एक शब्द न बदलता.

अकरा पानांची दोन झाली. सातही सह्या झाल्या. अंबूबाईंनी कानडीत केली, सावकाश, जीभ दातांत धरून. मग त्या कढईपाशी गेल्या, धणे टाकले, कान नेला आणि आम्ही सगळ्या श्वास रोखून बसलो. मला काही ऐकू आलं नाही. वास मात्र आला, आणि तो बरोबर होता.

३० जानेवारी, शुक्रवार

आसावरी मॅडम आल्या. इस्त्रीची साडी, हातात फाइल, तोंडावरची रेघ हलत नाही. नमुना त्यांना आधीच पसंत पडला होता, पण कागद म्हणजे कागद. त्यांनी महानंदाला विचारलं, "यात काय लिहिलंय माहीत आहे?" महानंदा न बघता म्हणायला लागली. मग भागुबाई. मग सगळ्या एकदम. मॅडम म्हणाल्या, "पुरे, पुरे. आजवर मला एवढंच सांगितलं जायचं की सही कुठे केली."

निवृत्तीच्या कलमावर त्या थांबल्या. दोनदा वाचलं. "हे कसं मोजणार?"

अंबूबाईंनी त्यांना कढईपाशी नेलं, साडीसकट. दोघी वाकल्या. "आला?"

"नाही."

"थांब. आता?"

आणि त्या बाई लहान मुलीसारख्या किंचाळल्या, "आला! आला!"

मी इतके महिने कान देऊन बसले आहे, मला एकदाही नाही. आणि ही बाई पहिल्याच दिवशी! मला मत्सर वाटला, ते इथे नोंदवून ठेवते. ऑर्डर पक्की झाली, त्या तीन थालीपिठं खाऊन गेल्या. संध्याकाळी आम्ही गिरणीच्या तालावर नाचलो. अभिजीतसुद्धा ऑफिसातून आला आणि फार वाईट नाचला.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज वर्ष झालं. सकाळी उठले तर पहिली तीच खोली आठवली. मुद्दाम लवकर निघाले, कामात विसरेन म्हणून.

आत गेले तर सगळ्याजणी ओळीत उभ्या, आणि अंबूबाईंच्या हातात एक पिवळा लखोटा. माझ्या लखोट्यांतलाच, उरलेला. वर महानंदाच्या अक्षरात माझं नाव.

मी पाऊल मागे घेतलं. खरंच. एक क्षण मला वाटलं, या सगळ्या मिळून मला सोडून चालल्या. अंबूबाई म्हणाल्या, "आदी तोंडानं सांगते, कलमात हाय तसं. भिऊ नको. उघड."

एकच पान होतं. ते इथे उतरवून ठेवते.

'भार्गवी यांस. तुम्हाला भाजण्याच्या कामावर शिकाऊ म्हणून घेतले आहे. वेळ रोज सकाळी सात ते नऊ, त्यानंतर तुमचे मालकिणीचे काम करावे. परीक्षेचा काळ सहा महिने, लागल्यास वाढेल. उष्णतामापक घरी ठेवावा. कढईपाशी फोन आणू नये. न जमल्यास रडू नये, विचारावे. शिकून झाल्यावर पुढे हव्या त्या माणसाला शिकवता येईल.' खाली कानडीत अंबूबाईंची सही, आणि बाकी सहा जणींच्या साक्षी.

मी कढईखालच्या जाळाच्या उजेडात उभी राहून सही केली. मग बाहेर जाऊन आईला फोन लावला. म्हटलं, आई, एक सांगायचंय. मी नोकरी सोडली नव्हती, मला काढलं होतं. पलीकडे तिने टीव्ही बंद केला.

"आणि आता?" तिने विचारलं.

"आता लागली. आजच लागली."

"बरं झालं बाई," आई म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिने पगार नाही विचारला, हुद्दा नाही विचारला. म्हणाली, "सुट्टी कधी असते?"

मी म्हटलं, "मंगळवारी."